पर्वतीच्या मागचे मेहुणे

धनत्रयोदशीच्या सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर हडपसर होतं. डावीकडे वानवडी, उजवीकडे घोरपडी, आणि एरवी जिथे लोणच्याची बरणी असते तिथे शिंद्यांच्या तोफा. हिने चकल्यांचा डबा दोन्ही हातांत धरून टेबलाला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "अहो, हा कुठे ठेवू? वानवडीत?"

"वानवडीत नको, तिथे घोडदळ आहे," मी म्हणालो. "घोरपडीत ठेव, तात्पुरता."

डबा घोरपडीत गेला. पुढे लढाई संपेपर्यंत तो तिथून हलला नाही आणि नियमांत टेकडी म्हणून धरला गेला.

हा सगळा उपद्व्याप चिरंजीवांचा. पुण्याच्या कॉलेजातून दिवाळीला घरी येताना इतर मुलं मळके कपडे आणतात, यानं त्याबरोबर टेबलावर लढाई खेळायचं वेडही आणलं. सहा फूट बाय चार फुटांचं मैदान, बोटाएवढे सैनिक, किती चालायचं ते मोजायला टेप, आणि कोण मेला हे ठरवायला फासे. हा खेळ रिकामटेकड्यांचा आहे असं म्हणायची सोय नाही. प्रशियाच्या सैन्यानं राइसविट्झ नावाच्या एका लेफ्टनंटाचा असा खेळ 1824 साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला होता. कादंबरीकार एच. जी. वेल्सनं 1913 मध्ये त्याच्या घरगुती नियमांचं पुस्तकच काढलं. वेल्ससाहेब जमिनीवर लोळून, स्प्रिंगच्या तोफेनं खेळण्यातले सैनिक पाडत. आपल्याकडे दिवाळीत किल्ला होतोच. माती येते, अळीव पेरले जातात, मावळे बुरुजावर चढतात. पण आपल्या किल्ल्यावर कधी लढाई होत नाही. चार दिवस सगळे नुसते पहारा देतात आणि भाऊबीज झाली की खोक्यात जातात.

लढाई कुठली मांडायची यावर घरात दोन दिवस खल झाला. चिरंजीव म्हणाले महिदपूर. महिदपूर इथून जवळ, क्षिप्रेचा काठ डोळ्यांनी पाहून येता येईल. पण 21 डिसेंबर 1817 ला महिदपुरात इंग्रजांचे हिस्लॉप आणि माल्कम नदी उतरून आले आणि अकरा वर्षांच्या मल्हारराव होळकरांच्या फौजेचा मोड झाला. ऐन दिवाळीत आपलाच पराभव हौसेनं कोण मांडेल? खरं तर त्या पराभवाचे आम्हा इंदूरकरांवर उपकार आहेत. जानेवारीत मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी 1818 मध्ये इंदुराला आली, आणि आज आम्ही राजवाड्यासमोर उभे राहून गाडी कुठे लावावी या विवंचनेत असतो तो त्याचाच परिणाम. तरीसुद्धा नको.

मग मीच हडपसर सुचवलं. 25 ऑक्टोबर 1802, म्हणजे दिवाळीच्याच दिवसांतली लढाई. यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेला पुण्याच्या वेशीवर झोडपलं. त्याआधीच्या वर्षी पेशव्यांनी, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांनी, यशवंतरावांच्या भावाला, विठोजी होळकरांना, हत्तीच्या पायी दिलं होतं आणि शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं होतं. म्हणजे आमची बाजू भक्कम. त्यातून भाऊबीजेला हिचे दादा, म्हणजे माझे मेहुणे, पुण्याहून येणार होते. मेहुणे गेली तीस वर्षं दर दिवाळीत इंदुराच्या मराठीची तपासणी करतात. योग चांगला होता.

सैन्य जमवायला त्रास पडला नाही. मेहुण्यांनीच पूर्वी पुण्याहून मातीच्या मावळ्यांचं खोकं आणलेलं होतं. तेच मावळे निम्मे निम्मे केले. इतिहासही तसाच आहे. दोन्हीकडे बहुतेक आपलीच माणसं आणि कवायती पलटणींवर दोन्हीकडे साहेब. शिंद्यांकडे डॉज, होळकरांकडे हार्डिंग आणि व्हिकर्स. साहेब म्हणून प्लास्टिकचे हिरवे सैनिक घेतले, ज्यांच्या हातात बिनतारी फोन होते. 1802 साठी ही व्यवस्था जरा पुढची होती.

घोडं अडलं ते मागच्या चित्रावर.

चिरंजीवांनी मोबाइलवर पहिला फोटो काढला. यशवंतराव घोड्यावर, तलवार उपसलेली, आणि त्यांच्या मागे आमचा फ्रिज. फ्रिजवर गॅसच्या नंबरचा कागद. "बाबा," तो म्हणाला, "मागे बॅकबोर्ड पाहिजे. आकाश, डोंगर, गाव, असं रंगवलेलं. त्याशिवाय मैदान संपतं कुठे आणि स्वयंपाकघर सुरू होतं कुठे, ते कळत नाही."

मला हे एकदम पटलं. मागच्या पडद्याशिवाय मराठी माणसाला राजा राजा वाटत नाही. आपल्या नाटक मंडळ्यांनी एकेकाळी पडद्यांसाठी काय खर्च केले! कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मावसभाऊ, की मामेभाऊ, काय असतील ते, आधी नाटकांचे पडदे रंगवूनच नावारूपाला आले. युद्धाच्या चित्रांचा धंदा तर त्याहून जुना. टिपू सुलतान 1799 मध्ये श्रीरंगपट्टणला पडला आणि दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट केर पोर्टर या तरुण चित्रकारानं 120 फूट लांबीच्या चित्रात ती लढाई तिकीट लावून दाखवली. तोवर पोर्टर हिंदुस्थानात आलेलाही नव्हता. मी निदान पर्वती दोनदा चढलो आहे, एकदा तर लग्नानंतर लगेच, म्हणजे नाइलाजानं.

आणि इंदुरात चित्रकारांना काय तोटा? बेंद्रे इथे जन्मले, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले. हुसेनही इथलेच म्हणायचे. विष्णू चिंचाळकर गुरुजी तर टाकाऊ वस्तूंतून माणसं आणि पाखरं उभी करत. एवढा वारसा पाठीशी असताना मी स्कूटर काढली आणि थेट फ्लेक्सवाल्याकडे गेलो.

"भिया, जन्मदिन का है के श्रद्धांजलि का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"लड़ाई का।"

"चुनाव?"

मी त्याला दीड फूट उंच आणि सहा फूट लांब असं पुण्याचं क्षितिज समजावलं. त्याच्या संगणकात 'नेचर' नावाचं एक कपाट होतं, त्यात बर्फाचे डोंगर, लाल छपराचं घर आणि धबधबा असे तीनच ऋतू होते. पर्वती म्हणजे कोण, असं त्यानं विचारलं, आणि मी टेकडीवरचं देऊळ म्हटल्यावर त्यानं ओंकारेश्वराकडे माउस नेला. शेवटी फोटो मी दिला, आकाश त्यानं दिलं. ते आकाश इतकं निळं होतं की त्याखाली कुणीही निवडून आलं असतं. "और निवेदक में किसका नाम डालना है?" हा त्याचा शेवटचा प्रश्न. मी म्हटलं, कुणाचंच नाही. त्यानं नाव घातलं नाही. 'निवेदक' मात्र छापलं. घोरपडीच्या वर, खाली उजव्या कोपऱ्यात, रिकाम्या दोन टिंबांसह.

दोन फ्लेक्स झाले. एक पश्चिमेचा सहा फुटी, एक उत्तरेचा चार फुटी. सनबोर्डवर चढवून घरी आणले. आता ते टेबलाला लावायचे एवढंच राहिलं होतं, आणि या 'एवढंच'मध्ये दिवाळीचे दोन दिवस गेले.

पहिल्यांदा नुसते टेकवले. टेबल भिंतीपासून लांब असल्यामुळे टेकायला खुर्च्या लावल्या. पंखा दोनवर होता तोवर आकाश थरथरत होतं, तीनवर केला तेव्हा पश्चिम दिशा आख्खी शिंद्यांच्या पायदळावर पडली. सतरा जण कामास आले, त्यात एक फोनवर बोलत असलेला साहेब.

मग दुहेरी टेप. सनबोर्ड ही वस्तू वजनाला फुलासारखी आणि स्वभावाला पापडासारखी असते. ती रात्रभरात वळते. पहाटे अडीचला टेपनं हात टेकले. हिला वाटलं मांजर आलं. मी बॅटरी घेऊन गेलो तर पर्वती फरशीवर आणि तिच्यावर खरंच मांजर.

सकाळी सुतार बोलावला. त्यानं टेबल पाहिलं, चित्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ड्रिल बाहेर काढलं. टेबलाच्या कडेला चार भोकं, लोखंडी कोने, नट-बोल्ट, दहा मिनिटांत काम. हे शब्द स्वयंपाकघरात पोचताच करंजी तळायची थांबली.

"माझ्या बाबांनी दिलेलं टेबल आहे ते," ही म्हणाली. "पुण्याहून ट्रकमधून आलंय. त्याला भोक पडणार नाही."

म्हणजे टेबलही पुण्याचं. लढाई पुण्याच्या जमिनीवरच होत होती आणि त्या जमिनीत इंदूरचा स्क्रू शिरायला मनाई होती. सुतारानं ड्रिल परत पिशवीत घातलं, चहा घेतला आणि सी-क्लॅम्प देऊन गेला. क्लॅम्पनं फळी घट्ट बसली यात वाद नाही. पण शनिवारवाड्याच्या डोक्यावर तीन काळे लोखंडी जबडे दिसू लागले आणि पेशव्यांचं भविष्य फारच उघड झालं.

उत्तर शेवटी चिरंजीवांनी काढलं, आणि इतकं साधं की मला राग आला. टेबलाला काही लावायचंच नाही. दोन फळ्या एकमेकींना काटकोनात लावायच्या. मागून पातळ प्लायची पट्टी, पट्टीला दोन बिजागऱ्या, बिजागरीची पिन काढता येईल अशी. पुस्तक अर्धवट उघडून उभं केलं की जसं पडत नाही, तशा या दोन दिशा एकमेकींच्या आधारानं उभ्या राहिल्या. खेळ संपला की पिन ओढायची आणि पुणे पलंगाखाली.

मेहुण्यांना मी फोनवर सांगितलं, "फळी चिपकवली एकदाची."

"चिकटवली," मेहुणे म्हणाले. "आणि बिजागरी लावली असेल तर तेही नाही. बसवली."

फळी उभी राहिली म्हणजे चित्र खरं वाटेल, हा आमचा आणखी एक गैरसमज. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. टेबल अडीच फूट, उभ्या माणसाचे डोळे पाच फुटांच्या आसपास. म्हणजे क्षितिज टेबलाच्या वर अडीच फुटांवर हवं आणि आमची फळी दीड फुटाची. नियमानं गेलो तर फळीवर नुसती जमीनच येते, आकाश छताला लावावं लागतं. म्हणून सगळे लोक लबाडी करतात आणि क्षितिज चार बोटांवर घेतात. परिणाम असा, की उभं राहून पाहिलं तर पर्वती ही टेकडी नसून कुणीतरी टेबलावर विसरलेलं कॅलेंडर आहे; आणि हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवून, एक डोळा मिटून पाहिलं, की छातीत धस्स होतं. पाडव्याला फराळाला आलेल्या प्रत्येकाला आम्ही ओणवं केलं. शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात. त्यांनी उभ्याउभ्याच "छान आहे हो कॅलेंडर" म्हटलं आणि अनारसा घेतला. त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाला मात्र काही न करताच पुणे दिसलं. त्यानं हात लांब करून देवळाकडे जायचा प्रयत्नही केला.

टेबल आणि फळी जिथे भेटतात तो सांधा तर भलताच चुगलखोर. टेबलावरचा रस्ता सरळ चित्रातल्या रस्त्याला जोडावा हा पहिला मोह, आणि तोच चुकीचा. तो फक्त एका खुर्चीवरून जुळतो. जरा बाजूला सरकलं की रस्ता फळीपाशी पाय मोडून पडतो. मग आम्ही रस्ता फळीच्या अलीकडे वळवला आणि झाडांत घालवला. पुढे काय झालं ते बघणाऱ्यानं समजून घ्यायचं. झाडं म्हणजे भांडी घासायचा काथ्या आणि हिरवा रंगवलेला भुसा. एक चांगलं दाट आंब्याचं झाड मी स्वतः 'निवेदक'समोर लावलं.

ट्यूबलाइटनं मात्र आमची लाज काढली. एका मावळ्याची सावली थेट ढगावर पडली, तीही शंभर फूट उंच. चिरंजीवांनी सगळ्यांना फळीपासून वीतभर पुढे घेतलं आणि टेबललॅम्प आमच्या बाजूनं, उंचावरून लावला. होळकरांच्या पाठीशी सूर्य. सकाळची लढाई असल्यामुळे मला ते न्याय्य वाटलं.

भाऊबीजेच्या सकाळी मेहुणे आले. पोह्यांवर शेव आणि जिरावण पाहून त्यांनी दरवर्षीप्रमाणे डोळे मिटले आणि दरवर्षीप्रमाणे दोनदा घेतले. मग टेबलापाशी आले. आधी बराच वेळ पर्वतीकडे पाहिलं.

"पायऱ्या कमी आहेत," ते म्हणाले.

"फ्लेक्सवाल्यानं कापल्या, मामा."

"आणि हा धबधबा?"

धबधबा आमच्या कुणाच्या लक्षात आला नव्हता. देवळाच्या डाव्या अंगानं स्वित्झर्लंडचं पाणी पडत होतं. तिथे आणखी एक झाड लावण्यात आलं.

"बरं," मेहुणे बाह्या सारत म्हणाले, "मी पेशवे. बसू कुठे?"

आणि इथे चार दिवसांत आमच्या तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात न आलेली गोष्ट उघड झाली. होळकर पूर्वेकडून आले, म्हणून मी पूर्वेला. माझ्या समोर पश्चिम, पश्चिमेला पुणे, पुण्याची फळी सहा फूट लांब. पेशव्यांनी ज्या बाजूला बसायचं ती आख्खी बाजू आम्ही पेशव्यांच्याच चित्रानं बंद केली होती. उत्तरेलाही फळी. दक्षिणेला स्वयंपाकघराचं दार, तिथे उभं राहिलं की दर दोन मिनिटांनी "दादा, जरा सरक" असा हुकूम. मेहुण्यांनी सगळीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खुर्ची फळीच्या मागे नेली. आम्हाला पर्वतीच्या कळसावर फक्त त्यांचे चष्म्याच्या वरचे केस दिसत होते.

"मामा, तुम्हाला दिसतंय का?"

"काही दिसत नाही. पांढरा सनबोर्ड दिसतो. तुम्ही सांगा काय चाललंय ते."

मला हसू आवरेना, पण ऐतिहासिकदृष्ट्या यात काहीच वावगं नव्हतं. 25 ऑक्टोबरला बाजीराव लढाईकडे निघाले होते, तोफांचा आवाज ऐकून वळले आणि निकालाची वाट पाहत पर्वतीपाशी थांबले. तेव्हाही लढाई त्यांना लोकांनी येऊन सांगितली. मी हे मेहुण्यांना सांगितलं. पर्वतीमागून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आवाज आला तो फाशांचा.

"सहा," मेहुणे म्हणाले.

आमच्या घोडदळाची पहिली फळी मागे हटली. इथपर्यंत ठीक, खऱ्या लढाईतही होळकरांचं घोडदळ आधी हटलं होतं आणि मग यशवंतराव स्वतः पुढे सरसावले. मी यशवंतरावांना पुढे काढलं. फासा टाकला, तीन.

"सहा," पर्वती म्हणाली.

तिसऱ्यांदाही सहा. चौथ्यांदा सहा. फासे फळीच्या मागे, एका स्टुलावर पडत होते आणि ते पाहणारे जगात एकटे पेशवे होते. चिरंजीव संभाव्यतेचं गणित कागदावर करू लागले. मी म्हटलं, "दादासाहेब, फासा जरा या बाजूला टाका ना."

"पेशव्यांच्या शब्दावर विश्वास नाही, भाऊजी?"

या प्रश्नाला 1802 मध्येही कुणाकडे चांगलं उत्तर नव्हतं. तासाभरात आमच्या तोफा गेल्या, हार्डिंग पडला (तो खऱ्या लढाईतही पडला, त्याचं मला वाईट वाटलं नाही), आणि यशवंतराव चकल्यांच्या टेकडीआड एकटे उरले. आमच्या जेवणाच्या टेबलावर, सासरच्या लाकडावर, पेशव्यांनी हडपसर जिंकायला एक चाल बाकी होती. मेहुणे पर्वतीमागे उभे राहिले. फासा हातात खुळखुळत होता.

"दादा," स्वयंपाकघरातून आवाज आला, "पाट मांडलाय. निरांजन लावलंय. ऊठ आता."

"एकच मिनिट."

"तेल संपेल."

मेहुण्यांनी फासा स्टुलावर ठेवला, टोपी घातली आणि गेले. चिरंजीवांनी नियमांचा कागद काढून दाखवला: सेनापतीनं मैदान सोडलं तर सामना प्रतिपक्षाचा. मी तो कागद दोनदा वाचला. तोवर आत ओवाळून झालं होतं, ताटात पाकीट पडलं होतं आणि बाजीराव श्रीखंडाशी बसले होते. बाजीराव त्या दिवशी पर्वतीवरून सिंहगडाकडे गेले. आमचे पेशवे रात्री नऊला सराफ्याकडे गेले आणि भुट्ट्याचा कीस, गराडू आणि दोन जिलब्या एवढ्या वाटेनं साडेअकराला परतले. वसईचा तह, म्हणजे यापुढे फासा सर्वांसमोर टाकावा हा, दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तोंडी झाला.

टेबल मोकळं झाल्यावर ही त्यावरून हात फिरवत राहिली. भोक नव्हतं, ओरखडा नव्हता. चकल्यांचा डबा घोरपडीतच रिकामा झालेला होता, तो कुणी केला याची चौकशी झाली नाही. उत्तर दिशा चिरंजीव पुण्याला घेऊन गेले. पश्चिम सनबोर्डावरून सोलून निघाली, आणि पुढे फ्लेक्सचं जे होतं ते तिचंही झालं. सध्या ती गच्चीवरच्या कुलरला गुंडाळलेली आहे, सुतळीनं तीन जागी बांधून. दूधवाला जिन्याच्या वळणावरून वर बघतो. पर्वती त्याला आडवी दिसते, धबधबा उलटा, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'निवेदक', पुढे दोन टिंबं.

"भिया," परवा त्यानं विचारलं, "इसमें आपका नाम छपना रे गया क्या?"